कुठल्या हाताची नाडी

लुकुंबी,
शनिवार, ३ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

गुडघे टेकून, टाळ्या वाजवून तुम्हाला आणि आत्याला नमस्कार. मी बरी आहे. आत्याचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं मलम ती लावते का, की आल्यागेल्याला दाखवायला फळीवर मांडून ठेवलंय? छपराचे पत्रे या महिन्यातच बसवून घ्या. पाऊस आला की सुतार हाताला लागत नाही, हे तुम्हीच म्हणता.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आत्याला मधे घातलं तर ती माझं अर्धं सांगते आणि उरलेलं स्वतःचं घालते, म्हणून नेहमीसारखं पत्रच लिहिते आहे. लुसाकाला बस बदलून चिपाटाला पोहोचायला तीन-चार दिवस लागतील. तोवर आत्याने रेडिओवर ऐकून तुम्हाला सांगितलं असेलच. तिने काय सांगितलं असेल याची मला धास्ती आहे, म्हणून नीट लिहिते.

मंगळवारी सकाळी नऊच्या पुढे कासामाहून खाली येणारी बस पुलाच्या पलीकडच्या वळणावर ट्रकला घासून उलटली. इथून चौदा किलोमीटर. आमची एकुलती एक रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. लोक मिळेल त्या गाडीतून आले. पिकअपमध्ये, सिमेंटच्या ट्रकमध्ये पोत्यांवर आडवे घालून. आधी आले ते कमी लागलेले. ज्याला उठता येतं तो पहिल्या गाडीत चढतो, आणि ज्याला खरी गरज आहे तो रस्त्यावर पडून राहतो. हे तुम्ही मला तुमच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितलं होतंत. मी पहिल्या गाडीतल्यांवर सगळे हात गुंतू दिले नाहीत.

डॉक्टर लुसाकाला बैठकीला गेले होते. त्यांच्या जागी क्लिनिकल ऑफिसर शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरले ते दुपारीच बाहेर आले. इन्चार्ज मुकुका सिस्टर मला म्हणाल्या, "तिओंगे, तू गेट सांभाळ." मागच्या वर्षी आम्हाला याचं दोन दिवस शिक्षण दिलं होतं. तेव्हा जखमींच्या जागी खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्या ओरडत नाहीत, बाबा, आणि खुर्च्यांची बायकामुलं पाय धरत नाहीत.

पद्धत अशी: एका माणसाला अर्धा मिनिट. चालतो का, श्वास कसा आहे, नाडी किती. कपाळावर जाड पेनने नंबर लिहायचा आणि नाडी डाव्या मनगटाच्या वर. एक नंबर आत. दोन नंबर व्हरांड्यात. तीन नंबर अंगणात आंब्याच्या झाडाखाली, म्हणजे ज्यांना थांबता येईल ते. तिथे लक्ष ठेवायला वॉर्डातल्या मावशी, मुसोंडाच्या आई, बसवल्या होत्या. तुम्हाला त्या आठवत असतील, मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा तुमच्याशी दोन तास भांडल्या होत्या की आपल्या न्गोनी लोकांना मीठ वापरता येत नाही.

"सिस्टर, तू माणसांना नंबर घालतेस की बकऱ्यांना?" असं त्या मला ओरडून विचारत होत्या. झाडाखालचा एक म्हातारा म्हणाला, "मी पुढच्या सीटचं तिकीट काढलं होतं, मला तीन नंबर कसा?" आणि सगळे हसले. अशा वेळीही लोक हसतात. त्या दिवशी ते बरंही वाटत होतं.

अठ्ठावन्न जण गेटातून आत आले. सात रस्त्यावरच गेले होते. आमच्याकडे चार गेले. तीन एक नंबरचे होते, त्यांचं काही करण्यासारखं नव्हतं. चौथा झाडाखालचा, खायच्या सुकवलेल्या अळ्या विकणारा, इथल्या बेम्बा जमातीचा एक जण. त्याची नाडी चांगली होती, ८४. दोन तासांत अचानकच झालं. असं कधीकधी होतं.

बाकी सगळे वाचले. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी गुरुवारी आले होते, त्यांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. रेडिओवाल्यांनी माझा आवाज घेतला, पण मी काय बोलले ते मला आठवत नाही. मुकुका सिस्टर म्हणतात की पुढच्या वेळी इतर हॉस्पिटलांना शिकवायला मला पाठवतील. तुम्हाला आनंद होईल म्हणून लिहिते आहे.

इथे उकाडा फार आहे, झोप नीट लागत नाही. बाकी काही नाही.

आत्याला सांगा, रेडिओवर आवाज बारीक आला तो माझाच होता.

तुमची, कामाच्या घाईत,
तिओंगे


लुकुंबी,
रविवार, ११ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र काल मिळालं. पाकीट जड वाटलं म्हणून मला बरं वाटलं होतं, पण आत आत्याने भाजलेले शेंगदाणे घातले होते. तुमच्या चारच ओळी. पत्रे बसले. आत्या बरी आहे. आणि मग: "झाडाखालच्या माणसाचं तू अडीच ओळींत उरकलंस. तीन नंबरचा माणूस दोन तासांत जातो आणि नाडी ८४? कुठल्या हाताची मोजलीस?"

तुम्ही हे लहानपणीही विचारायचात. शाळा नदीपलीकडे होती म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत तुम्हीच माझे मास्तर. औषधांच्या खोक्यांवरून अक्षरं शिकवलीत, गोळ्यांच्या ताटलीवर बेरीज. घड्याळ शिकवलंत ते तुमच्या मनगटावर माझी बोटं ठेवून. मी कंटाळून मनाचा आकडा सांगितला की ओरडत नव्हतात. नुसतं विचारायचात, "कुठल्या हाताची?" आणि मला रडू यायचं.

कुठल्याच हाताची नाही, बाबा.

आता नीट लिहिते. कालपासून तीनदा कागद फाडला आहे, हा फाडणार नाही.

तो अळ्या विकणारा म्हणजे लोम्बे होता. मी दर पत्रात ज्याचे टोमणे लिहून पाठवत होते आणि ज्याला द्यायला तुम्ही तिकडून उत्तरं लिहून पाठवत होतात, तो लोम्बे. पहिल्या पत्रात मी त्याचं नाव लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्हाला सगळं तिथेच कळलं असतं.

तुम्ही त्याला कधी पाहिलं नाहीत. पन्नाशीचा, पुढचा एक दात नसलेला. बाजारात मी दिसले की लांबूनच ओरडायचा, "सांभाळा रे, उंदीर खाणाऱ्या आल्या, पोती बांधून घ्या!" मी म्हणायचे, "माकडं खाणाऱ्यांच्या पोत्याला हात कोण लावतं?" इथे आल्यावर पहिलं वर्ष मी घाबरलेलीच असायचे. चूक होईल, कुणी रागावेल, रात्री पुन्हा जाऊन सलाईन बघून येईन, असं चालायचं. बेम्बांच्या मुलखात एकटी न्गोनी म्हणून त्याने मला दोन्ही जमातींच्या जुन्या लढायांवरून चालत आलेल्या थट्टेच्या नात्यात ओढून घेतलं आणि मग मी परकी राहिले नाही. त्याचा एक खेळ होता. मी जवळ आले की पोत्यांवर आडवा व्हायचा, जीभ बाहेर काढून मरायचा. मग मी छाती पिटून रडायचं आणि त्याच्या बायकोने, फेलिस्टसने, मला उठवून मूठभर अळ्या द्यायच्या. आजूबाजूचा सगळा बाजार हसायचा.

मंगळवारी तो गेटवर आला तेव्हा दहा वाजून गेले होते. सिमेंटच्या ट्रकमधून उतरून चालत आला. दोन्ही हातांत तीन-चार वर्षांची मुलगी होती. त्याची नव्हे, बसमध्ये त्याच्या पुढे बसलेल्या बाईची. मी आधी मुलीला घेतलं. तिचा श्वास वाईट होता. एक नंबर. ती वाचली, परवा घरी गेली.

हात मोकळे झाल्यावर त्याने ते डाव्या बरगड्यांवर घट्ट दुमडले. मला वाटलं, मुलीला धरून अवघडले असतील. त्याच्या मागे सहा जण होते. मी त्याचा हात मागितलाच नाही.

तो म्हणाला, "काय गं न्गोनी, जत्राच भरवलीस की. उंदीर पुरतील का एवढ्यांना?"

"तुझ्यासाठी झाडावर माकड राखून ठेवलंय. जा, आंब्याखाली बस."

"जातो. डावा खांदा तेवढा बघ गं. तुझ्या आजोबांचा भाला अजून रुतलाय तिथे."

आणि मी, बाबा, तुम्ही जूनमध्ये लिहून पाठवलेलं उत्तर दिलं. मी ते त्याच्यासाठी राखूनच ठेवलं होतं. "भाला आमचा असता तर तू बोलायला उरला असतास का?"

तो हसला. हसताना त्याने डोळे गच्च मिटले. मी कपाळावर तीन लिहिलं.

त्याच्या खांद्यावर ओरखडाही नव्हता. सायकलवरून पडलेला तो मास्तर तुमच्याकडे आला होता, मी नऊ वर्षांची असेन. तुम्ही त्याचा सदरा वर करून मला दाखवलं होतं. खांद्याला मार नाही आणि डावा खांदा दुखतो, तर पोटात बघ, पानथरी फुटली असेल. नर्सिंगच्या शाळेत ते पुन्हा शिकवलं तेव्हा वर्गात एकटीला आधीपासून येत होतं. लोम्बेने मला ते अगदी स्पष्ट सांगितलं, बाबा. फक्त आमच्या नेहमीच्या भाषेत सांगितलं. तो दुसऱ्या कुठल्या नर्सकडे गेला असता तर त्याने "सिस्टर, खांदा दुखतो" एवढंच म्हटलं असतं, आणि तिने त्याची नाडी पाहिली असती.

अजून आहे.

अकरा वाजता मुसोंडाच्या आई गेटवर आल्या. "सिस्टर, तुझा सोयरा गार पडलाय. घाम सुटलाय त्याला. येऊन बघ."

मी म्हटलं, "नाटक करतोय तो. गेल्याच महिन्यात मासळीबाजारासमोर मेला होता. त्याला सांगा, आज फुकट रडायला मला वेळ नाही."

त्या गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या. किती वेळाने ते मला सांगता येत नाही, आणि आता सांगता येत नाही ते मी लिहिणार नाही.

"सिस्टर, तो आता हसत नाहीये."

मी "येते" म्हणाले. तेवढ्यात पिकअपमधून पाय तुटलेला एक मुलगा आला. मी त्याच्याकडे गेले, आणि ते बरोबरच होतं. पण त्यानंतर मी झाडाकडे गेले नाही. सव्वाबाराला गेले. लोम्बे झाडाच्या बुंध्याला टेकून बसला होता, मांडीवर कुणाचं तरी कमरेला गुंडाळायचं चितेंगे पांघरलेलं. मुसोंडाच्या आईंनी आपलं सोडून त्याला घातलं होतं. मी त्याचा हात धरला. पहिल्यांदा धरला. तेव्हा मोजायला काही नव्हतं.

संध्याकाळी अहवालासाठी रजिस्टर भरायचं होतं. मनगटावरचे आकडे उतरवून घेत होते. त्याच्या मनगटावर काही नव्हतं. वरच्या ओळीत ८२ होतं, खालच्या ओळीत ८८. मी ८४ लिहिलं. कुणी सांगितलं नाही, कुणी घाई केली नाही. रिकामा रकाना बघवेना, एवढंच कारण. माझं अक्षर तिथेही नीट आहे.

गुरुवारी लोम्बेला पुरलं. त्याच्या घरून मला निरोप आला होता. मयताच्या घरी थट्टेच्या सोयऱ्यांनी जायचं असतं, मेलेल्याची नक्कल करायची, घरच्यांना जरा हसवायचं, हे तुम्हाला माहीत आहे. लुकुंबीत मी एकटीच न्गोनी. मी कळवलं की ड्यूटी आहे. ड्यूटी नव्हती. मी खोलीत बसून तुम्हाला पत्र कसं लिहायचं याचा विचार करत होते.

आणि आता मुसोंडाच्या आई.

झाडाखालचा माणूस कसा गेला याची चौकशी झाली. दहा वाजता नाडी ८४ म्हणजे गेटवर तो ठीक होता. म्हणजे बिघडला तो झाडाखाली. झाडाखाली कोण होतं? मुकुका सिस्टरांनी त्यांना आणि मला समोरासमोर उभं केलं. मुसोंडाच्या आई म्हणाल्या, "मी दोनदा बोलवायला गेले होते. विचारा हिला." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, मी हो म्हणणार याची त्यांना एवढी खात्री होती.

मुकुका सिस्टरांनी विचारलं, "तिओंगे, आल्या होत्या?"

मी म्हटलं, "गर्दीत मला नीट आठवत नाही."

बाबा, मी एवढंच म्हटलं. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर आलं, आणि मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर पडताना सगळे म्हणत होते की बाई चहाचं आधण ठेवायला गेली असणार. एकोणीस वर्षं त्या इथे काम करतात. येत्या शुक्रवारी बैठक आहे, तोवर त्यांना घरी बसायला सांगितलं आहे. घरी सून आणि चार नातवंडं. सगळं घर त्यांच्या पगारावर.

तुम्हाला विचारणार होते, काय करू. पण तुमचं उत्तर शुक्रवारच्या आत पोहोचणार नाही, आणि काय लिहाल ते मला माहीतही आहे. माहीत असून विचारायचं म्हणजे दिवस ढकलायचे.

मला भीती वाटते. नोकरीची वाटते, परवान्याची वाटते, ते खोटं कशाला सांगू. पण सगळ्यांत जास्त कशाची वाटते ते लिहिते. तुम्ही आता हे पत्र खाली ठेवून बाहेर जाऊन बसाल, आणि आत्याने विचारलं तर काही नाही म्हणाल.

शेंगदाणे मी वॉर्डात वाटून टाकले. मला खाववेनात.

तुमची
तिओंगे


लुकुंबी,
सोमवार, १९ ऑक्टोबर

बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र आलेलं नाही. आधीचं तुम्हाला एव्हाना मिळालं असेल, म्हणून रोज बसच्या ऑफिसात विचारून येते.

शुक्रवारी बैठक झाली. जिल्ह्याचे अधिकारी, मुकुका सिस्टर, क्लिनिकल ऑफिसर आणि आम्ही पाच-सहा जणी. मुसोंडाच्या आईंना बाहेर बाकावर बसवलं होतं. त्यांचं नाव निघायच्या आत मी उभी राहिले. सगळं सांगितलं. नाडी मोजली नाही, आकडा मनाने लिहिला, त्या दोनदा आल्या, मी गेले नाही, आणि मला सगळं आठवत होतं.

मुकुका सिस्टर म्हणाल्या, "तिओंगे, विचार करून बोल. हे एकदा कागदावर आलं की पुसता येणार नाही."

"म्हणूनच लिहा," मी म्हटलं.

क्लिनिकल ऑफिसर चांगले आहेत. ते म्हणाले, "दोन वाजेपर्यंत टेबल रिकामं नव्हतं. रक्ताच्या तीन पिशव्या होत्या, त्याही संपल्या होत्या. पानथरी फुटलेला माणूस मी तरी कुठे ठेवला असता? तो वाचला नसता." मी म्हटलं, "तसं तुम्ही म्हणू शकता, सर. मी म्हणू शकत नाही." अधिकारी माझ्याकडे न बघता कागद लावत राहिले.

प्रकरण नर्सिंग परिषदेकडे गेलं आहे. तिचा निर्णय येईपर्यंत मी कामावर नाही. तीन महिने लागतील, कदाचित जास्त. परवाना राहील की जाईल हे कुणालाच सांगता येत नाही.

मुसोंडाच्या आई शनिवारी कामावर आल्या. मी माझं कपाट रिकामं करत होते. दारात उभ्या राहिल्या. "दहा दिवस घरी बसले मी. सून शेजारणींना सांगत होती, सासूला मलेरिया झालाय. आज तुला शिव्या द्यायला आले होते. वाटेत विचार केला, कुठल्या देऊ? उंदीरखाऊ म्हणू? ते तर मी तुला रोज म्हणते. रागासाठी वेगळी एकही शिवी तू माझ्याकडे शिल्लक ठेवली नाहीस." मग माझ्या हातातली चादर ओढून घेतली आणि मी चुकीची घडी घालते म्हणून पुन्हा घातली. मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही.

काल मी फेलिस्टसकडे गेले.

मी कुंपणाशी आले की एरवी ती हातातलं काम टाकून ओरडायची, "झाकून ठेवा रे भांडी!" काल तिथे तिची आई आणि दोन दीर होते. मी कुंपणाशी गुडघे टेकले आणि तिथूनच सांगायला सुरुवात केली, कारण आत गेले असते तर त्यांनी मला पाणी दिलं असतं आणि ते पिऊन मग मी सांगितलं असतं. धाकटा दीर उठला होता. तिने हात वर केला, तो बसला. तिने मला मधे थांबवलं नाही. बोलून संपल्यावर तिने एकच विचारलं.

"तो हसत होता?"

"हो. पहिल्यांदा हसत होता. नंतर नव्हता."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग उठून घरातून खुर्ची आणली. त्यांच्याकडे एकच खुर्ची आहे, ती पाद्री आले की काढतात. माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बसा, सिस्टर. जमिनीवर नका बसू. कपडे खराब होतील तुमचे."

बाबा, चार वर्षांत त्या घरात मला कुणी अहो म्हटलं नव्हतं. दिराने मारलं असतं तर मला चाललं असतं. मी त्या खुर्चीवर बसले. नाही म्हणायचा मला हक्क नव्हता.

ती म्हणाली, "मुलगे लहान आहेत. मोठे झाले की विचारतील. लोक त्यांना सांगतील, बस उलटली नि गेला. तसं नको. तुम्ही मला जे सांगितलंत ते सगळं लिहून द्या. तुमच्याच अक्षरात."

मी तिथेच लिहिलं. तिच्या मोठ्या मुलाच्या वहीतला कागद होता, दोन्ही बाजू भरल्या. ती मुलगी त्याने हातांत आणली, हे पहिलं लिहिलं. किती वाजता आला ते लिहिलं. खांद्याबद्दल काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिलं, आणि मी काय म्हणाले तेही. ते उत्तर तुमचं होतं हे लिहिलं नाही. बोलले मी, तेव्हा ते माझंच. तिच्या आईने वाचून दाखवायला सांगितलं. मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना भाल्याच्या वाक्याला म्हातारी हसली आणि लगेच तोंडाला चितेंगेचं टोक लावून रडायला लागली. मग फेलिस्टसने कागदाची घडी घालून तो चोळीत ठेवला आणि मला कुंपणापर्यंत पोहोचवायला आली. दोन पावलं मागून, पाहुण्यांना पोहोचवतात तशी.

"सावकाश जा, सिस्टर," ती म्हणाली.

मी बुधवारच्या बसने निघते आहे, शुक्रवारी संध्याकाळी पोहोचेन. हे पत्र माझ्या एक दिवस आधी तुमच्या हातात पडेल असं बघितलं आहे. तुम्हाला एक दिवस मिळावा म्हणून. मला घरात घ्यायचं नसेल तर आत्याला फाट्यावर पाठवा, मी तिथूनच चिपाटाला मैत्रिणीकडे जाईन, आत्याशी हुज्जत घालणार नाही.

फेलिस्टसला दिलेल्या कागदावर जे शेवटी लिहिलं तेच तुम्हालाही लिहून देते. तुम्ही विचारलं होतंत, आणि त्याचं सरळ उत्तर मी अजून दिलेलं नाही.

नाडी: मोजली नाही. दोन्ही हात समोर होते.

तिओंगे न्झिमा